दवाखान्यातला मुक्काम आणि मोबाईलचं नेट : जाणकारांनी अनुभव लिहा

पेशंटजवळ थांबणाऱ्याचं आता नेटशिवाय पान हलत नाही. कॅशलेसची कागदपत्रं, रिपोर्टचे पीडीएफ, औषधांचं बिल, गावाकडे खुशाली, सगळं फोनवरून. आणि वॉर्डात नेमकी रेंज जाते. ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांनी नेमके उपाय लिहावेत.

नेटवर्क इंजिनिअर
सीटी स्कॅन आणि एक्स-रेच्या खोल्यांना शिसं लावलेलं असतं, एमआरआयच्या खोलीला तर चहूबाजूंनी धातूचं आवरण. हे विभाग बहुतेक तळघरात, त्यामुळे तिथल्या बाकावर बसून रेंज शोधत बसू नका, वर या. नव्या इमारतींच्या काचेवर ऊन अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो. म्हणून बंद खिडकीला फोन लावून फायदा नाही. काच चार बोटं सरकवली की फरक पडतो.
5जीच्या लहरींचा 3500 मेगाहर्ट्झचा पट्टा जाड भिंतीत लवकर दम तोडतो, 4जीचा 850-900 चा आतपर्यंत पोचतो. फोन सारखा 5जी-4जी करत असेल तर सेटिंगमधल्या 'प्रिफर्ड नेटवर्क टाइप'मध्ये 4जी ठेवा. लिफ्टमधून बाहेर आल्यावर नेट अडकलं तर एअरप्लेन मोड 10 सेकंद चालू करून बंद करा. फोन बंद-चालू करण्यापेक्षा हे लवकर होतं.

सिमकार्ड विक्रेता
वॉर्डात कोणत्या कंपनीची रेंज येते ते आधी शेजारच्या खाटेवाल्यांना विचारा, मग त्या कंपनीचं जादा प्रीपेड सिम घ्या. साधारणपणे आधार आणि बोटाचा ठसा मागतात, म्हणून ते पेशंटच्या नावावर नको, सोबतच्या माणसाच्या नावावर घ्या. आहे तो नंबर पोर्ट करायला (दुसऱ्या कंपनीकडे न्यायला) टाकू नका, त्यात दिवस जातात.
सगळ्यात महत्त्वाचं : पेशंटचं सिम या काळात बदलून घेऊ नका. डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. यूपीआय नव्या फोनवर चालू केलं तर पहिल्या 24 तासांत 5000 रुपयांपर्यंतच पैसे जातात. डिस्चार्जच्या दिवशी हे कळलं तर धावपळ होते.
दिवसाचा डेटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, फोटो लटकतो. वरचा डेटा पॅक मारताना मूळ प्लॅनची मुदत शिल्लक आहे ना, ते पाहा. ती संपलेली असेल तर नुसता डेटा पॅक मारून भागत नाही.

आयसीयूतली सिस्टर
व्हेंटिलेटर, सिरिंज पंप (हळूहळू औषध देणारं यंत्र) यांच्यापासून फोन निदान एक मीटर लांब ठेवा, हॉटस्पॉट चालू असलेला फोन पेशंटच्या उशाशी नको. पेसमेकर असेल तर छातीपासून 15 सेंटिमीटर अंतर हवंच, शर्टाच्या खिशात फोन नाही. खाटेमागचे प्लग यंत्रांसाठी आहेत, चार्जर लावायचा तर आम्हाला विचारा. रेंज कमी असली की फोन जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो आणि बॅटरी भराभर उतरते, म्हणून 10000 एमएएचची पॉवर बँक बाळगा. त्यात 5000 च्या बॅटरीचा फोन दोनदा पूर्ण भरत नाही, सव्वा-दीडदा भरतो.

हॉस्पिटलच्या आयटी विभागातून
वायफायचं लॉगिन पान उघडत नसेल तर फोनच्या सेटिंगमधला 'प्रायव्हेट डीएनएस' हा पर्याय बंद करा आणि मोबाईल डेटा क्षणभर थांबवा. लॉगिनच्या ओटीपीसाठी रेंज लागते, मग तो व्हरांड्यात घ्यायचा आणि लगेच आत येऊन टाकायचा. दरवेळी नव्याने लॉगिन मागत असेल तर त्या वायफायपुरता 'रँडमाइज्ड मॅक'ऐवजी 'डिव्हाइस मॅक' (फोनचा कायमचा ओळख क्रमांक) निवडा. एकदा वायफाय लागलं की 'वायफाय कॉलिंग' चालू करा. टॉवरची रेंज शून्य असली तरी साधे फोन येतात-जातात.

बिलिंग काउंटर
डिसेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख केली. पण ती हॉस्पिटलच्या व्यापारी क्यूआरवर मिळते, कुणाच्या खासगी नंबरवर नाही. शिवाय तुमच्या बँकेची मर्यादा त्याहून कमी असू शकते, ती ॲपमध्ये आदल्या दिवशीच पाहून ठेवा. पॉलिसीचं कार्ड, आधार, पॅन, जुने रिपोर्ट फोनमध्येच उतरवून ठेवा, नेट लागणाऱ्या ऑनलाइन ड्राइव्हवर नको. आणि पैसे कापले गेले पण आमच्याकडे दिसत नाहीत, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर क्रमांक दाखवा, आम्ही त्यावरून शोधतो.