मदत हवी आहे: थंडीत लाइटबिल तिप्पट, हीटर बंद करावा तर सासऱ्यांचे हाल

नमस्कार मंडळी, डिसेंबरचं लाइटबिल आलंय आणि त्यावरून घरात रोज वाजायला लागलंय, म्हणून इथं विचारतेय. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीकडं भाड्यानं राहतो, वरचा मजला, डोक्यावर नुसता स्लॅब आणि यवतेश्वरच्या बाजूनं वारं सुटलं की खिडक्या रात्रभर खडखडतात. ऑक्टोबरात ११८ युनिट होते, डिसेंबरात डायरेक्ट ३४६! आमच्या ह्यांचं म्हणणं मीटर पळतोय, कंप्लेंट करू. मला वाटतं मीटर बिचारा बरोबर आहे, आपणच पळवतोय.

झालंय असं की दिवाळीनंतर सासऱ्यांना गावाकडनं इकडं आणलं. आम्ही तात्या म्हणतो त्यांना, वय ७८, दम्याचा त्रास, गाव जावळीत मेढ्याच्या वर. तिथं याच्या दुप्पट थंडी असते पण तिथं चूल असायची, सकाळी बंब पेटायचा, तात्या बंबापाशीच बसून चहा प्यायचे. इथं आल्यापासून रात्री दोन-दोनदा उठून बसतात, पाय गार पडलेत म्हणतात. मग ह्यांनी दोन रॉडचा हीटर आणला, ८०० वॅटचा. तो रात्री नऊला लावला की सकाळी साडेपाचला मी उठून बंद करते. शिवाय गिझर १५ लिटरचा, माणसं पाच, मुलांची शाळा सकाळची. गिझरचं बटण पाचला दाबलं की शेवटच्या माणसाची अंघोळ होईपर्यंत चालूच, आणि शेवटचा माणूस म्हणजे आमचे हे, साडेनऊला.

दुकानदार म्हणतो ऑइलवाला हीटर घ्या, महाग आहे पण बिल कमी येतं. शेजारच्या काकू म्हणतात कशाला खर्चात पडताय, कोळशाची शेगडी ठेवा खोलीत, आम्ही तशीच ठेवायचो. जाऊबाई म्हणतात गॅस गिझर बसव. मला कळेना कुणाचं ऐकायचं. कुणी हिशोबानं सांगेल का? आणि कृपा करून "सवय करा थंडीची" असलं सांगू नका, ते सांगणारा माणूस घरातच आहे.

वाईकर:
ताई, पहिलं म्हणजे शेगडीचं डोक्यातनं काढा. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही की रंग नाही, झोपलेलं माणूस उठतच नाही. त्यात दम्याचा पेशंट. गॅस गिझरचंपण तेच, बाथरूमला हवा खेळती नसेल तर नकोच.

आता हिशोब. ८०० वॅट साडेआठ तास म्हणजे एका रात्रीत ६.८ युनिट, महिन्याला दोनशेच्या वर. तुमचं वाढलेलं बिल जवळपास सगळं इथंच सापडलं बघा. वर १०० नंतर दर वाढतो, ३०० च्या पुढच्या युनिटांना अजून वाढतो, त्यामुळं युनिट तिप्पट झाले तर पैसे तिपटीच्याही पुढं जातात. ऑइल हीटरचं दुकानदाराला सांगू द्या काय सांगायचं ते. रॉड असो, ब्लोअर असो, ऑइल असो, एका युनिटला ऊब तेवढीच मिळणार. ऑइलवाला बंद केल्यावरही थोडा वेळ गरम राहतो आणि त्याला थर्मोस्टॅट असतो, म्हणजे पुरेसं तापलं की आपोआप बंद होतो, एवढाच फायदा. ऊब खोलीत टिकतीय का हे आधी बघा.

मीटरची शंका असेल तर मीटरवर ३२०० इम्प असं काही लिहिलंय का बघा, म्हणजे एका युनिटला लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करून नुसता हीटर लावा आणि मोजा, मिनिटाला ४२-४३ आले की मीटर ओके.

कृष्णाकाठ सांगली:
आमच्याकडं एवढी थंडी नसते, पण गिझरचं सांगतो. १५ लिटर पाणी तापायला २००० वॅटवर वीस-पंचवीस मिनिटं, पाऊण युनिट, बास. अंघोळी ओळीनं उरका. साडेनऊपर्यंत वाट बघत टाकी परत परत तापवायची म्हणजे आपल्या पैशानं बाथरूमची भिंत शेकायची. गच्चीवर सोलर पॅनेल लावून वीज करायची असेल तर केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, पण भाड्याचं घर म्हटल्यावर मालकाशिवाय पान हलणार नाही.

अपडेट, माझ्याकडनंच:
मीटर मोजला! मुलगा मोबाईलवर टायमर लावून उभा, मी लुकलुक मोजतेय आणि हे शेजारी हाताची घडी घालून. ४३ आले. हे काही न बोलता आत गेले.

मग खिडक्यांच्या फटीत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या, दाराखाली पोत्याची गुंडाळी लावली. पण खरी गंमत पुढंच. तात्यांना सरळ विचारलं, थंडी नेमकी कुठनं वाजतीय? म्हणाले, खालनं. आम्ही इतके दिवस अंगावर ब्लँकेटांचा ढीग घालत होतो आणि खाली लोखंडी कॉट, त्यावर दोन बोटांची फोमची गादी. गावाकडं ते घोंगडं अंथरून, वर वाकळ घेऊन झोपायचे. आणि हीटरबद्दल म्हणाले, "त्या लाल उजेडानं झोप लागत न्हाय, घसा वाळतो, पर तुमी एवढं हौसेनं आणलाय म्हनून बोललो न्हाय." आता काय बोलायचं यावर!

रविवारी हे गावाला जाऊन घोंगडं आणि दोन वाकळा घेऊन आले. आता हीटर झोपायच्या आधी तासभर फक्त, पायाशी गरम पाण्याची पिशवी, अंघोळी साडेसातच्या आत. आठ दिवस रोज सकाळी रीडिंग लिहितेय, आधी दिवसाला साडेअकराच्या आसपास पडत होते, आता पाच-साडेपाच. तात्या रात्री एकदाच उठतात, तेही बाथरूमला.

एकच राहिलंय. मालकांना गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवायचा विषय काढायचाय, निम्मे पैसे आम्ही घालायला तयार आहोत, पण घर सोडताना त्या पैशांचं काय करायचं? कुणी भाडेकरूनं असं केलंय का, लेखी काय घेतलं होतं?