गच्चीबाग ग्रुप : टोमण्यांचा नियम लिहायचा कसा?

देशमुख ताई (सी-५०४, ॲडमिन): नमस्कार मंडळी. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचे नियम नव्याने लिहायला घेतलेत. शिव्या, राजकारण, फॉरवर्ड बंद, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. गाडी अडलीय एका ओळीवर: हलके टोमणे आणि चेष्टा चालू द्यायची की नाही? निम्मे म्हणतात असू दे, निम्मे म्हणतात अजिबात नको. इथेच मोकळेपणी बोलून घेऊ.

जोशी काका (ए-३०२): माझं मत, असू दे. बागेचा ग्रुप म्हणजे कट्टा. "अरे येड्या, जास्वंदीला रोज बादलीभर पाणी कोण घालतं" हे कट्ट्यावर प्रेमानेच बोललं जातं. प्रत्येक वाक्याला 'कृपया' लावलं की माणसं बोलायचीच थांबतात.

आणि दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. गोड बोलण्याच्या नादात चुकीचा सल्ला तसाच पुढे जातो. तणनाशक म्हणून मीठ-व्हिनेगर-साबणाचं पाणी दर पावसाळ्यात फिरतं. ते तण आणि रोप असा भेद करत नाही. वर मीठ कुंडीच्या मातीत राहून जातं, मग पुढचं रोपही धरत नाही. अशा मेसेजवर पाच जणांनी अंगठा दाखवण्यापेक्षा एकाने फटकारलेलं बरं.

पाटील (ए-७०३): काका, दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. पहिल्यावर जरा थांबूया.

कांबळे सर (बी-६०४): जोशीसाहेब, सल्ला कडकच हवा. पण टोमण्याने नेमकं काय बिघडतं ते मिरचीच्या बोकड्यावरून, म्हणजे पानं आकसण्याच्या रोगावरून, सांगतो, कारण इथे सगळ्यात जास्त फोटो त्याचेच येतात.

पानं आकसली म्हणून कुणी वरून काढलेला एक फोटो टाकतो. त्या एका फोटोवरून निदान होत नाही. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या आणि देठ लांबट दिसले तर बहुधा कोळी ही बारीक कीड. पानं बारीक, सुरकुतलेली, पिवळट आणि झाडच खुजं राहिलं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, त्याला औषध नाही, रोप उपटून टाकायचं. म्हणजे पानाच्या खालच्या बाजूचा फोटो हवा, शेंड्याचा हवा, पूर्ण झाडाचा हवा. शिवाय तीन प्रश्न: पाणी किती आणि केव्हा, खत कोणतं, गेल्या पंधरा दिवसांत काय फवारलं.

या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळणं फार गरजेचं आहे. कोळी असेल तर आपण पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक सांगतो, लिटरला २ ग्रॅम. पण आठवड्यापूर्वी निंबोळी तेल मारलेलं असेल तर त्यावर गंधक चालत नाही, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, नाहीतर पानं करपतात. कडक उन्हाळ्यात नुसत्या गंधकानेही करपतात. आता पहिल्याच फोटोखाली कुणी "एवढंही कळत नाही का?" लिहिलं, तर तो माणूस "मी निंबोळी तेल मारलं होतं, तेही अंदाजाने, दुप्पट" हे कबूल करेल का? तो "काही नाही फवारलं" म्हणतो. आपण बरोबर औषध सांगतो आणि झाड मरतं.

टोमण्याने माणूस दुखावतो हे आहेच. त्याच्या जोडीला तो माहिती लपवायला लागतो. छंदाच्या ग्रुपमध्ये चुकांची कबुली हाच कच्चा माल आहे. तोच आटला तर जाणकारांनी निदान करायचं कशावर?

नाईक काकू (सी-२०२): अगदी खरं. आणि ज्याला बोललं तो एकटाच गप्प होत नाही, वाचणारे वीस जणही फोटो टाकायचे थांबतात. पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड. तो सुरुवातीला देठाच्या बेचक्यात कापसाच्या ठिपक्याएवढा असतो. तेव्हा स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसला तरी भागतं. लाजेने दोन आठवडे दडवून ठेवला तर मुंग्या त्याला शेजारच्या कुंडीत नेतात, कारण त्याच्या गोड चिकट स्रावावर त्या जगतात. आपल्या गच्चीवर कुंड्या एकमेकींना चिकटून आहेत. एकाची लाज सगळ्यांच्या जास्वंदीला भोवते.

जोशी काका (ए-३०२): हे पटलं. पण मग ओळखीतल्या माणसांनी एकमेकांची खेचायचीच नाही?

पाटील (ए-७०३): ओळखीत आणि ग्रुपवर, यात फरक आहे काका. कट्ट्यावर तुमचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, पाठीवर थाप पडते. लिहिलेल्या 'येड्या'त यातलं काहीच पोचत नाही. शिवाय तो तिथेच राहतो. नुकताच ग्रुपवर आलेला भाडेकरू तीन महिन्यांनी शोधचौकटीत 'जास्वंद' टाकतो तेव्हा त्याला तुमची दोस्ती दिसत नाही, इथे असं बोलतात एवढंच दिसतं.

विकिपीडियाच्या संपादकांचा जुना दंडक आहे: मजकुरावर बोला, लिहिणाऱ्यावर नको. तिथे एका स्वल्पविरामावरून लांबलचक वाद होतात, पण रेघ तीच. लिनक्स या संगणक प्रणालीचंही उदाहरण आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने ते 'नुसता छंद' म्हणूनच जाहीर केलं होतं. चुकीचा कोड पाठवणाऱ्याला तो जाहीरपणे झोडपायचा आणि 'त्यामुळेच दर्जा टिकतो' असं समर्थन अनेक वर्षं झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने स्वतःच त्याबद्दल माफी मागितली, काही काळ बाजूला झाला, आणि त्याच महिन्यात प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. कोडची चिरफाड आजही तितकीच कठोर होते.

कांबळे सर (बी-६०४): एक सोपी कसोटी सुचवतो. मेसेज पाठवण्याआधी खोचक शब्द काढून वाक्य वाचायचं. सल्ला तसाच राहिला तर तो शब्द काही कामाचा नव्हता.

"डोकं वापरा जरा, कुंडीला भोक आहे का?" यातलं 'डोकं' काढा. "कुंडीला भोक आहे का?" प्रश्न पूर्ण आहे.

जोशी काका (ए-३०२): पण सर, कधी कधी त्या शब्दाने निकड कळते. लिंबाची मुळं कुजत असताना मऊ बोललं तर माणूस रविवारपर्यंत वाट बघतो.

कांबळे सर (बी-६०४): निकड परिणाम सांगून येते. "पाणी आजच थांबवा. बोट दोन इंच मातीत घाला, ओलं लागलं तर तीन दिवस थेंबही नको. वास येत असेल तर रोप काढून काळी, मऊ पडलेली मुळं छाटा आणि कोरड्या मातीत लावा. उशीर केलात तर झाड हाती लागणार नाही." यापेक्षा कडक 'मूर्ख' म्हणूनही होता येत नाही.

नाईक काकू (सी-२०२): माझा मुद्दा वेगळा आहे. 'हलका' म्हणजे कुणासाठी हलका? शब्द तोच, पण कुणाला म्हटलाय त्यावर त्याचं वजन ठरतं. वीस वर्षं बाग करणाऱ्याला 'काय हे नवशिके' म्हटलं तर तो हसेल. परवाच पहिलं तुळशीचं रोप आणलेल्या मुलीला म्हटलं तर ती ग्रुपच सोडेल. तिने सोडलेलं बाकीच्यांच्या लक्षातही येणार नाही, आता सूचना फक्त ॲडमिनला जाते.

आणि एक गोष्ट आपण अपमानात धरतच नाही: भाषेवरून टोकणं. कुणी "पानी किती टाकू" लिहिलं की लगेच "पानी नव्हे, पाणी. टाकू नव्हे, घालू." प्रश्न होता कढीपत्त्याचा. आपले माळीदादा ग्रुपवर आहेत, दुसऱ्या जिल्ह्यांतून, दुसऱ्या राज्यांतून आलेली कुटुंबं आहेत. हातातलं काम त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतं. 'न' आणि 'ण' वरून त्यांचं तोंड बंद करायचं, हा काही हलका प्रकार नाही. नियमात हे स्पष्ट लिहा: भाषा दुरुस्त करायची नाही, प्रश्नाला उत्तर द्यायचं.

कांबळे सर (बी-६०४): काकू, मनापासून आभार. हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं. त्यात जोडा: जात, धर्म, गाव, रंग, वय, शरीर, बाईपण, धंदा यावरून केलेला कुठलाही विनोद 'हलका' या सदरात येत नाही. तिथे पहिली समज, दुसरी समज वगैरे काही नको.

साठे वकील (बी-१०१): कायद्याचं थोडक्यात. २००० च्या आयटी कायद्यातलं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, त्यामुळे 'त्रासदायक मेसेज' एवढ्यावरून आता गुन्हा होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कलम ३५२ आहे: शांतताभंगाला चिथावणी मिळावी म्हणून मुद्दाम केलेला अपमान, दोन वर्षांपर्यंत कैद. अब्रुनुकसानी कलम ३५६ मध्ये. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान कलम ७९ मध्ये, तीन वर्षांपर्यंत. जातीवाचक बोलण्याला १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. "येड्या, पाणी कमी घाल" यापैकी कशातही बसत नाही.

ॲडमिननी घाबरू नये. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला, समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलंय.

पण कायद्यात बसत नाही म्हणून चांगलं, असं कुठे आहे? कायदा फक्त तळ दाखवतो. आपल्याला राहायचंय त्याच्या बरंच वर. आणि नियमात दंड, देखभाल बिलात रक्कम वगैरे भाषा आणू नका. हा छंदाचा ग्रुप आहे, मॅनेजिंग कमिटीचा नाही.

देशमुख ताई (सी-५०४, ॲडमिन): वकीलसाहेब, बरं झालं सांगितलंत. आता अंमलबजावणी. पाटील, व्हॉट्सॲपमध्ये नेमकं काय काय करता येतं?

पाटील (ए-७०३): क्रमाने सांगतो ताई.

आधी सदस्याला स्वतःची संधी. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत बदलता येतो, त्यामुळे ॲडमिनने लगेच खासगीत "एवढा शब्द काढता का?" विचारावं. मेसेज दाबून धरला की 'खासगीत उत्तर द्या' येतं, तेच वापरायचं. सगळ्यांसमोर समज दिली की भांडण सुरू होतं, कारण समोरच्याला माघार घ्यायला जागाच उरत नाही.

१५ मिनिटं उलटली तर तो 'सर्वांसाठी डिलीट' करू शकतो, त्याला दोन दिवसांहून थोडा जास्त अवधी मिळतो. त्याने नाही केलं तर ॲडमिन करू शकतो. पण मग तिथे 'ॲडमिन अमुक यांनी हा मेसेज डिलीट केला' असं सगळ्यांना दिसतं. म्हणून तो उपाय शेवटी. डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, नाहीतर आठवड्याने 'मी असं म्हटलंच नव्हतं' यावर वाद.

भांडण पेटलंच तर सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिन पाठवतील असं करता येतं. दोन-तीन तास पुरे. सकाळपर्यंत बंद ठेवलंत तर लोक दुसरा ग्रुप काढतात. हे ॲडमिनने एकट्याने ठरवू नये, तिघे ॲडमिन असावेत आणि दोघांचं एकमत लागावं.

जोशी काका (ए-३०२): आणि कुणाच्या टोमण्यावर हसरी इमोजी टाकणारे? मूळ बोलणारा एक असतो, मागून हसणारे दहा. लागतं ते त्या दहांचं.

कांबळे सर (बी-६०४): जोशीसाहेब, हा फार मोलाचा मुद्दा. नियमात घ्याच.

नाईक काकू (सी-२०२): चेष्टा पूर्ण बंद मात्र करू नका हं. झाडांची करा, हवामानाची करा, कबुतरांची करा. "दोडका यंदा रुसलाय" म्हणायला कुणाची हरकत?

जोशी काका (ए-३०२): आणि स्वतःच्या चुकीवर ज्याला हसायचंय त्याला हसू द्या. पण तो स्वतःवर हसला म्हणून बाकीच्यांना परवाना मिळत नाही.

देशमुख ताई (सी-५०४, ॲडमिन): हा कच्चा मसुदा. बघा:

१) झाडावर, मातीवर, सल्ल्यावर हवं तितकं कडक बोला. माणसाच्या अकलेवर, भाषेवर, घरावर नाही.
२) सल्ला चुकीचा वाटला तर त्याच दिवशी खोडा. काय चुकीचं, का, आणि त्याऐवजी काय, तिन्ही लिहा. नुसतं 'चूक' लिहू नका.
३) फोटोला उत्तर देताना आधी प्रश्न: पाणी, खत, फवारणी, ऊन किती तास.
४) चूक कबूल करणाऱ्याला टोमणा नाही, टोमण्याला हसरी इमोजी नाही.
५) जात, धर्म, लिंग, वय, शरीर, प्रांत, बोली यावरून एकही शब्द आला तर थेट ग्रुपबाहेर.
६) बाकी बाबतीत आधी खासगी विनंती, मग डिलीट, तिसऱ्या वेळी एक महिना बाहेर.

साठे वकील (बी-१०१): सहाव्यात 'बाहेर काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून' एवढं घाला. पाचव्यातही.

देशमुख ताई (सी-५०४, ॲडमिन): घातलं. मतदानासाठी इथेच पोल टाकू?

पाटील (ए-७०३): पोल नको ताई. कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. ज्यांना टोमणे लागतात ते मोकळेपणी मत देणारच नाहीत. चिठ्ठ्या घ्या.

देशमुख ताई (सी-५०४, ॲडमिन): बरोबर. वॉचमनच्या केबिनबाहेर डबा ठेवते, रविवारी संध्याकाळी ७ पर्यंत. घरटी नव्हे, ग्रुपवरच्या प्रत्येकाची एक चिठ्ठी, माळीदादांचीही. मंजूर झालं की मसुदा ३० दिवस पिन करते आणि ग्रुपच्या माहितीतही टाकते.

जोशी काका (ए-३०२): दुसऱ्या नियमात 'त्याच दिवशी' ऐवजी 'दिसताक्षणी' करा. मीठ-व्हिनेगरचं पाणी संध्याकाळपर्यंत थांबत नाही.