फेब्रुवारीत स्पितीला जाण्यासाठी पिकअपचे सस्पेन्शन बदलावे का?

कुळागरवाला, वाळपई

नमस्कार. माझ्याकडे इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप आहे. पुढे डबल विशबोनवर (चाक धरणाऱ्या दोन भुजांवर) कॉइल स्प्रिंग आणि मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) ही तिची मूळ रचना मी आजवर बदललेली नाही. सुपारी, नारळ आणि खताच्या गोण्या वाहण्यात तिची सहा वर्षे गेली. येत्या फेब्रुवारीत धाकट्या भावासह शिमला, किन्नौर, नाको या वाटेने स्पितीतल्या काझाला जाण्याचा बेत आहे, कारण कुंझुमची खिंड हिवाळ्यात बंद असते आणि मनालीकडून पलीकडे उतरता येत नाही. काझाला रात्री तापमान उणे वीसपर्यंत उतरते. मी आयुष्यात जास्तीत जास्त थंडी अनुभवली ती चोर्ला घाटातल्या पहाटेची, तेव्हा अंदाज कसा करावा हेच कळत नाही.

म्हापशातल्या एका गॅरेजवाल्याने गाडी दोन इंच उंच करणारे लिफ्ट किट, मागे एक जादा पाटा, नायट्रोजन भरलेले मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉक ॲब्सॉर्बर आणि सगळीकडे पॉलियुरेथेनचे बुश (सांध्यांतल्या लवचिक चकत्या) असा संच सुचवला आहे. दुसऱ्याचे म्हणणे, मागे एअर बॅग, म्हणजे स्प्रिंगला आधार देणारे हवेचे फुगे, बसवा म्हणजे वजनानुसार उंची जुळवता येईल. प्रवासात मागच्या हौद्यात अडीचशे किलोंहून अधिक सामान नसेल. यातले खरोखर आवश्यक काय आहे?

डिचोलीचा मेस्त्री

मी खाणींच्या टिपरांचे पाटे बदलण्यात उमेदीची वर्षे घालवली, त्यामुळे आधी पाट्यांबद्दलच लिहितो. जादा पाटा घालू नका. पाट्याची ताकद नेहमीच्या वजनावरून ठरवायची असते. अडीचशे किलोंसाठी मागचा भाग कडक केलात तर गोठलेल्या खाचखळग्यांवर चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उसळत राहील, आणि बर्फावर उसळणाऱ्या चाकाला पकड नसते. काजूच्या हंगामात आपण गाडी खच्चून भरत असाल, पण तो प्रश्न निराळा आहे.

थंडीने पोलादाचा चिवटपणा कमी होतो हे खरे असले तरी चांगला, निर्दोष पाटा उणे वीसला मोडत नाही. मोडतो तो गंजाने खड्डे पडलेला, कारण तडा त्या खड्ड्यातूनच सुरू होतो. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात, आणि आपल्या सत्तरी तालुक्यात तर त्याहूनही अधिक, सहा पावसाळे काढलेल्या गाडीचे पाटे वरून काळे दिसले तरी एकमेकांना टेकणाऱ्या बाजूंवर काय झाले असेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून नवे काही विकत घेण्यापूर्वी दोन्ही संच उतरवा, पाटे सुटे करून तारेच्या ब्रशने घासा, सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि टोकाच्या डोळ्याच्या (गोल वळवलेल्या भागाच्या) वळणावर तडे शोधा. बसवताना पाट्यांमध्ये ग्रॅफाइट वापरा, कारण साधे ग्रीस त्या थंडीत मेणासारखे घट्ट होते.

बुशांच्या बाबतीत मात्र गॅरेजवाल्याचे अजिबात ऐकू नका. पॉलियुरेथेन आपल्याकडच्या उष्णतेत टिकते, पण थंडीत कडक होऊन करकरते आणि प्रत्येक धक्का चासीपर्यंत पोहोचवते. नैसर्गिक रबर याहून कितीतरी खालच्या तापमानाला लवचिक राहते. आपल्याच सत्तरीत लागवड होणाऱ्या रबराच्या झाडांचा चीक इथे महागड्या पिवळ्या-लाल बुशांपेक्षा सरस ठरतो, याची मला गंमत वाटते.

परतलेला चालक, पेडणे

लडाखमध्ये मी काही हिवाळे ट्रक चालवले आहेत. मेस्त्रींचे पाट्यांविषयीचे मत मला पटते, पण माझ्या अनुभवात थंडीचा पहिला बळी शॉक ॲब्सॉर्बर असतो. आतले तेल रात्रभरात इतके दाट होते की सकाळी गाडी दगडासारखी चालते, आणि अशा वेळी वेगाने खड्डा घेतला की तेलाचा दाब ताठरलेल्या सीलच्या ओठावर येऊन ते बाहेर पडते. एकदा घाई करून मी मागचे दोन्ही शॉक याच प्रकारे गमावले. तेव्हापासून पहिले पाचसहा किलोमीटर गाडी माणसाच्या चालण्याच्या गतीने नेतो. शॉक स्वतःच्या हालचालीनेच तापतात. खरेदी करताना तेल आणि सील कोणत्या किमान तापमानासाठी आहेत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. जो सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

मोनोट्यूबचा फायदा मोठा आहे. वायू आणि तेल पिस्टनने वेगळे ठेवलेले असल्याने लांब खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येत नाही. तरीही किन्नौरच्या वाटेवर दगड उडतात. मोनोट्यूबच्या नळीला बाहेरून पोचा आला तर आतला पिस्टन त्याच नळीत फिरत असल्याने अडकतो, उलट ट्विनट्यूबच्या (एकात एक दोन नळ्या असलेल्या शॉकच्या) बाहेरच्या नळीला आलेला किरकोळ पोचा चालून जातो. माझी निवड कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला ट्विनट्यूब हीच राहील.

एअर बॅगचा विचार सोडा. गोव्याची दमट हवा कॉम्प्रेसरमधून नळ्यांत जाते आणि तिच्यातले पाणी वर गेल्यावर व्हॉल्व्हमध्ये गोठते.

फर्मागुडीचा प्रवासी

एक छोटी पुस्ती. लिफ्ट किटमुळे पुढच्या ॲक्सलच्या जोडांचा कोन वाढतो आणि त्यांच्या रबरी बुटांना (आवरणांना) थंडीत चिरा पडण्याची शक्यताही वाढते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी नेमके तेच विचारील. काझासाठी मूळ उंची पुरेशी आहे.

कुळागरवाला, वाळपई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल उजवा संच उतरवला. तिसऱ्या पाट्यावर सेंटर बोल्टच्या भोकापासून निघालेला नखाएवढा तडा सापडला, तेव्हा दोन्ही बाजूंचे पूर्ण संच मूळ ताकदीचेच नवे घेत आहे. बुश रबराचे, शॉक ट्विनट्यूब, लिफ्ट नाही. राहता राहिला टायरच्या हवेचा प्रश्न: थंडीत दाब कमी होतो म्हणून इथूनच जास्त भरून निघावे का?

डिचोलीचा मेस्त्री

जास्त भरू नका. तीस अंशांवर ३२ पौंड (पीएसआय) भरलेला टायर समुद्रसपाटीला उणे पंधरावर सुमारे २५ दाखवील, पण काझाच्या उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब पाच पौंडांनी कमी असल्यामुळे मापक ३० च्या आसपास थांबेल. पहाटे, गाडी हलवण्यापूर्वी तपासा आणि त्यानुसार भरा.

दुसरे, नवे पाटे पहिल्या काही शे किलोमीटरांत बसतात आणि ते ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट सैल पडतात. पुण्याच्या मुक्कामी, सामान भरलेले असतानाच, ते बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या.