अनुभव : चर्चमध्ये तुमच्या बाकावर आता कोण बसतं?

नगरची लेक
परवा माहेरी कपाट आवरताना पप्पांचं 'उपासना संगीत', म्हणजे चर्चमधल्या गीतांचं पुस्तक, सापडलं. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, आत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. रविवारी कुठल्या नंबरची गीतं घ्यायची ते पप्पा शनिवारी रात्री लिहून ठेवायचे. पेटीवर तेच असायचे. शेवटची चिठ्ठी मार्च 2020 ची. मग चर्च बंद, उपासना मोबाईलवर. आई तरीही साडेनऊला डोक्यावर पदर घेऊन फोनसमोर बसायची आणि दानाचं पाकीट दर रविवारी डब्यात टाकायची. चर्च उघडल्यावर सगळी पाकिटं एकदम नेऊन दिली. पप्पा तोवर राहिले नव्हते.

माझी मुलगी पुण्यात इंग्लिश उपासनेला जाते. गिटार, ड्रम, पडद्यावर शब्द. मनापासून जाते, त्याचा मला आनंद आहे. पण रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तिला येत नाहीत. आपल्या मंडळ्यांचं, म्हणजे चर्चच्या समुदायांचं, पुढे काय होणार, ते तुमच्याकडून ऐकायचंय. काय बदललं, काय टिकलं, आठवेल ते लिहा.

वसईची पोर
पाकिटांचं वाचून रडू आलं गं.

आमच्याकडे आजीच्या लहानपणी मिस्सा (आम्हा कॅथलिकांची उपासना) लॅटिनमध्ये. ती आपली माळ ओढत बसायची. रोमला साठच्या दशकात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, त्यानंतर मराठी मिस्सा सुरू झाली, तेव्हा पहिल्या रविवारी घरी येऊन म्हणाली, "इतकी वर्षं फादर हेच म्हणत होते होय!" आता टॉवर झाले, नवी माणसं आली, इंग्लिश मिस्सेला उभं राहायला जागा नसते. आमच्या वाडीत बावीस घरं. त्यातल्या सात घरांत फक्त म्हातारी माणसं, पोरं कॅनडात. केळीची बाग होती तिथे पार्किंग आहे. गॅसवर दूध आहे, नंतर लिहिते.

भोसरी गुरुवार
आमची मंडळी गुरुवारी भरते. इथल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, रविवारी ड्युटी. पोरं नेवासा, शेवगाव, श्रीरामपूरकडची. गावातल्या चर्चमध्ये पाळकसाहेब चार गावं मोटरसायकलवर करतात, तिथे बाकं रिकामी आणि इथे दहा बाय बाराच्या खोलीत तीस जण, चपला जिन्यापर्यंत. एक जण हलगी आणतो. पहिल्यांदा वाटलं गुरुवारी कसली उपासना. पण नाईट करून आलेलं पोरगं पेंगत पेंगत 'आमेन' म्हणतं ना, तेव्हा वाराचं काही वाटत नाही.

नगरची लेक
हलगी! पप्पांना फार आवडली असती.

शेवगावकर
आमचे चुलते मरेपर्यंत चर्चला आले, कागदावर मात्र कधी ख्रिस्ती नव्हते. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशामुळे दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. शीख 1956 ला त्यात आले, बौद्ध 1990 ला, आपण अजून बाहेरच. पोराच्या शिक्षणासाठी बाप काय लिहील? म्हणून रजिस्टरात माणसं कमी दिसतात आणि नाताळला मांडव कमी पडतो. भविष्याचं बोलायचं तर आधी हे बोला. चुलत्यांना या गोष्टीची फार लाज वाटायची. वाटायला नको होती.

करंजी
शेवगावकर, आमच्याही घरी हेच. जास्त लिहवत नाही.

नाताळच्या करंज्यांना सारण ओल्या खोबऱ्याचं करता की सुक्या? सासूबाई सुकंच म्हणतात.

नगरची लेक
सुकंच. ओल्याच्या टिकत नाहीत, आणि आपल्याकडे पाहुणे एक तारखेपर्यंत येतात.

चार्ल्सकाठ
बॉस्टनजवळ राहते. 1813 साली हॉल आणि नॉट हे मिशनरी मुंबईत आले ते अमेरिकेतल्या ज्या मिशन बोर्डाकडून, त्याचं मुख्य ऑफिस तेव्हा इथलंच. नगरचं काम 1831 पासूनचं. माझी पणजी त्याच मिशनच्या बोर्डिंगात अक्षर शिकली. म्हणून इथे आल्यावर मुद्दाम त्या परंपरेचं चर्च शोधलं. पांढरी इमारत, उंच मनोरा, दोनशे माणसांची बाकं आणि आम्ही एकोणीस जण. सगळ्यांत लहान मी, त्रेचाळीसची. नगर कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मला वाईट वाटलं. कॉफीच्या वेळी पणजीचं सांगितलं, तर एक ऐंशीच्या बाई म्हणाल्या, तुमच्याकडचं काही म्हणून दाखव. टिळकांचं एक भजन म्हटलं, टाळ्यांच्या ठेक्यावर. आता महिन्यातून एकदा मीच म्हणते, त्यांना ध्रुवपद पाठ झालंय.

छत गळतं, दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून दुपारी ती जागा ब्राझीलच्या मंडळीला भाड्याने दिली आहे. सकाळी आम्ही एकोणीस. दुपारी त्याच बाकांवर पोर्तुगीजमध्ये गाणी, रडणारी बाळं, दारात बाबागाड्या. आमच्यातल्या दोन आजी आता दुपारपर्यंत थांबतात, बाळं सांभाळायला.

वसईची पोर
दूध उतू गेलं 😄 पण हे वाचून बरं वाटलं.

राहिलं ते लिहिते. आई कित्येक वर्षं वेदीवर बायबलचं वाचन करते आहे. स्त्रियांना वाचकाची अधिकृत सेवा 2021 ला मिळाली. मग सिनडच्या (पोपनी बोलावलेल्या चर्चच्या सभेच्या) वेळी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, बैठक झाली, प्रत्येकाला विचारलं. आई उठून म्हणाली, विधवेच्या घरी फादर आशीर्वादाला येतात, पण जेवायला कुणी थांबत नाही. सभागृहात कुणी बोलेना. पुढच्या रविवारी फादर शेजारच्या मावशींकडे जेवले. 2023 ला रोममध्ये स्त्रियांनी सिनडमध्ये पहिल्यांदा मत दिलं ते टीव्हीवर आलं, पण आई अजून त्या जेवणाचंच सांगते.

साताऱ्याचा
मी जन्माने हिंदू. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' नावाचा मेळा सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. आमच्या पणजोबांचं तिथे जाणं-येणं होतं असं घरात सांगतात. मी नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये मागे बसतो. कुणी कधी 'तुम्ही कोण' विचारलं नाही.

करंजी
साताऱ्याचा, पुढे बसत जा हो. मागे पंखा नसतो.

शेवगावकर
भोसरी गुरुवार, पुतण्या सोमवारपासून तिकडच्या कंपनीत लागतोय. कुणाच्या ओळखीचं नाही, घर सोडून पहिल्यांदाच राहणार. खोली कुठे आहे तुमची?

भोसरी गुरुवार
व्यनि केलाय. संध्याकाळी सातला. जेवून येऊ नको म्हणावं, इथे सगळ्यांचं एकत्र असतं.