प्रचारातली कोणती घोषणा तुमच्या डोक्यातून जात नाही?

गेल्या विधानसभेच्या वेळी गल्लीत भोंगा लावलेली रिक्षा यायची. ‘ताई माई अक्का, विचार करा पक्का’, मग चिन्हाचं नाव आणि ‘वर मारा शिक्का!’ लेकीने विचारलं, ‘बाबा, शिक्का कुठे मारायचा?’ २००४ची लोकसभा देशभर यंत्रावर झाली, तेव्हाच शिक्का गेला. पण ‘पक्का’शी ‘बटण’ जुळत नाही, त्याला कोण काय करणार! तुमच्याही घोषणा सांगा, अर्थात किश्श्यासकट.

मूळचा मुंबईकर
१९६७, दक्षिण मुंबई. काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटील पडतील असं म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढत. समोर जॉर्ज फर्नांडिस. त्यांच्या पोस्टरांचा मथितार्थ एवढाच, की तुम्ही पाटलांना पाडू शकता. आश्वासन नाही की उमेदवाराची आरती नाही. वडील गिरणीतून येताना ते वाचून आले आणि चपला काढता काढता आईला म्हणाले, ‘पाडू शकतो होय आपण?’ पाडलं! मला आजही ती सगळ्यात हुशार घोषणा वाटते. मतदाराच्या मनातल्या शंकेलाच तिने हात घातला.

बीडची सून
आमच्याकडे ‘गरिबी हटाओ’पेक्षा ‘गाय-वासरू, नका विसरू’ जास्त चाललं. गुरं राखायला जाणारी पोरंही तेच ओरडायची. आजेसासूबाईंनी ते फारच मनावर घेतलं. १९८०ला इंदिराबाईंचं चिन्ह पंजा होतं, सगळ्यांनी चारचारदा समजावलं, तरी म्हातारी केंद्रातून बाहेर आली ती भांडतच, ‘माझी गाय कुठं सोडली रे मेल्यांनो?’ मत कुणाला दिलं, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

कोरडवाहू
घोषणेने मतं मिळतात हे मला पटत नाही. २००४ला टीव्हीवर वाजपेयी सरकारचं ‘इंडिया शायनिंग’ सुरू झालं, की आमच्याकडे नेमकी लाईट जायची. पुढचं सांगायला नको.

खुर्चीवाला
‘मी पुन्हा येईन’! २०१९ला फडणवीसांची घोषणा, निकालानंतर वर्षानुवर्षं चेष्टा. आमच्या हापिसात नोकरी सोडणाऱ्याच्या केकवर हेच लिहून घ्यायचे. ५ डिसेंबर २०२४ला ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. केकवाला गडी मात्र अजून आलेला नाही.

भिंतवाला
बीडच्या ताई, ते गाय-वासरू माझ्या वडिलांनी शेकड्याने रंगवलंय. नंतर मीही त्याच धंद्यात. आधी चुना मारून कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि ‘राखीव’ लिहायचं, म्हणजे भिंत अडवली. घोषणा जेवढी आखूड तेवढी अक्षरं मोठी, लांबून वाचता येतात. लांबलचक मजकूर आणणाऱ्याला वडील सरळ म्हणायचे, ‘साहेब, एवढं वाचेपर्यंत एस्टी पुढं जाते.’ निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांनी नियम कडक केले आणि आमची कामं आटली. तालुक्याला एका भिंतीवर चुन्याखालून ‘नका वि’ अजून दिसतं. मालकाला म्हटलं, मारून देऊ का नवा हात? म्हणाला, ‘आधी मागच्या उमेदवाराकडची उधारी आण.’