सल्ला हवा: सर्टमध्ये सिटॅलोप्रॅम कसं अडकतं ते दाखवायला कुठली पीडीबी फाइल (प्रथिनाच्या रचनेची) घ्यावी?

रेणुकण: एमएस्सीचा छोटा प्रकल्प आहे. सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर, म्हणजे सर्ट, सेरोटोनिनला पेशीत नेतो, मग सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध वाटेतच का अडकतं? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, ग्राफिक कार्ड नाही, खर्च शून्य, हातात दोन आठवडे. ल्यूटी (जिवाणूतला सर्टचा नातेवाईक) घेऊ की मानवी सर्ट?

हेलिक्सवाला: डोळे झाकून ५आय७१ (पीडीबीतला क्रमांक). २०१६ची क्ष-किरण रचना, मधल्या जागेत एस-सिटॅलोप्रॅम. औषधाचं अमाइन अ‍ॅस्पार्टेट ९८ला धरतं, फ्लुओरोफेनिल हेलिक्स (प्रथिनाचे पिळदार तुकडे) ३ आणि ८च्या बाजूच्या खोबणीत जातं, सायनोवाला भाग फेनिलअ‍ॅलॅनिन ३३५ आणि ३४१च्या बाजूला. एवढा ऐवज मध्ये असल्यावर हेलिक्स १ आणि ६चे बाहेरचे तुकडे आत झुकत नाहीत. सेरोटोनिन लहान, त्याच्यावर झाकण बसतं.

पडदानशीन: नुसत्या फाइलवर काय होणार? पीओपीसी या मेदाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या पडद्यात बसवा, ग्रोमॅक्सवर (रेणूंच्या हालचालीचं अनुकरण करणारा प्रोग्रॅम) ५०० नॅनोसेकंदांच्या तीन धावा घ्या. जीपीयू भाड्याने मिळतात.

रेणुकण: खर्च शून्य लिहिलंय वर. 🙂

जुनाखोड: ल्यूटीला कमी लेखू नका. २००५ची, १.६५ अँगस्ट्रॉमची. सर्टच्या क्ष-किरण रचना ३ अँगस्ट्रॉमच्या पुढच्या, म्हणजे जास्त अंधुक, त्यात पाणी शोधून दाखवा.

हेलिक्सवाला: रेझोल्यूशन चाटायचंय का? ल्यूटी जिवाणूचं, अमिनो आम्लं वाहणारं. अ‍ॅस्पार्टेट ९८च्या जागी तिथे ग्लायसिन आहे, मग अमाइन धरणार कोण? २००७ साली ल्यूटीत ट्रायसायक्लिक औषधं वरच्या ओसरीत, म्हणजे बाहेरच्या तोंडाशी, सापडली आणि सगळे तिकडे धावले. २०१३ला माशीच्या डोपामिन ट्रान्सपोर्टरमध्ये नॉरट्रिप्टिलिन थेट मधल्या जागेत निघालं.

जुनाखोड: ओसरी काही खोटी नाही! ५आय७३मध्ये दुसरं सिटॅलोप्रॅम तिथेच बसलंय आणि खालच्याची बाहेरची वाट अडवतंय.

कखग: +१. ५आय७१च घ्या. अ‍ॅस्पार्टेट ९८ महत्त्वाचा.

मोजपट्टी: फाइल उतरवून लगेच व्हिनात (डॉकिंगचा, म्हणजे औषध प्रथिनात बसवून पाहायचा प्रोग्रॅम) टाकू नका. अँटिबॉडीच्या साखळ्या काढा, सोडियम आणि क्लोराइड मात्र ठेवा, पाणी काढताना तेही उडतात. प्रथिन उष्णतेत टिकावं म्हणून तीन बदल केलेले आहेत: टायरोसिन ११०, आयसोल्युसिन २९१, थ्रिओनिन ४३९. शेवटचा मधल्या जागेला लागूनच आहे आणि तिथे सेरिन केलंय, ते परत थ्रिओनिन करा. अमाइनला प्रोटॉन द्या. २२ अँगस्ट्रॉमचा चौकोनी बॉक्स, एक्झॉस्टिव्हनेस (किती कसून शोधायचं) ३२. आधी सिटॅलोप्रॅमच परत डॉक करा. आरएमएसडी (मूळ जागेपासून सरासरी किती सरकलं) २ अँगस्ट्रॉमच्या आत येत नसेल तर पुढे जाऊ नका. शिवाय व्हिनाच्या गुणांकनात विद्युतभार धरलेलाच नसतो, त्यामुळे क्षारसेतूचं (अमाइन आणि अ‍ॅस्पार्टेट ९८ची पकड) मोल त्या आकड्यात शोधू नका. हे सगळं ८ जीबीवर आरामात होतं.

पडदानशीन: डॉकिंगमध्ये प्रथिन हलतच नाही. धावा घ्याच.

उलटातपास: सगळे ब्लॉकर बाहेरचं दार उघडं ठेवतात हे कुणी ठरवलं? टियागॅबिन हे फिटांवरचं औषध गाबा वाहणाऱ्या गॅट१ला आतल्या बाजूने धरतं. आयबोगेन (वनस्पतीतून मिळणारं द्रव्य) तर सर्टमध्येच पाहा: ६डीझेडवाय बाहेर उघडी, ६डीझेडव्ही बंद, ६डीझेडझेड आत उघडी. २०१९च्या क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी) रचना.

कखग: आयबोगेन विषयात नाही. ५आय७१.

रेणुकण: सर्वांचे आभार. डॉकिंग करत नाही, धावाही नाहीत. ५आय७१ आणि ६डीझेडझेड कायमेरा-एक्समध्ये (रचना पाहायचा प्रोग्रॅम) एकमेकांवर बसवते आणि बाहेरच्या दाराची दोनच अंतरं मोजते: आर्जिनिन १०४ ते ग्लुटामेट ४९३, टायरोसिन १७६ ते फेनिलअ‍ॅलॅनिन ३३५. दार कुठे उघडं, कुठे मिटलेलं, ते त्यातच दिसेल.

पडदानशीन: मग विचारलंत कशाला?

मोजपट्टी: चालेल, पण अख्खी साखळी जुळवू नका. हालचाल सगळीकडे वाटली जाते आणि काहीच हललं नाही असं दिसतं. हेलिक्स ३, ४, ८ आणि ९ एवढेच जुळवा, मग १ आणि ६ किती सरकले ते पाहा. आणि घनतेच्या मॅपमध्ये (ज्यावरून रचना बांधली तो प्रयोगाचा नकाशा) आर्जिनिनची शेपटी दिसतेय का ते तपासा. दिसत नसेल तर बाजूच्या साखळीऐवजी सी-अल्फापासून मोजा.