घरात दोन कुत्री आहेत, लाकडी फ्लोरिंग करावं का? माझं मत हो, विरोधकांनी जरूर बोला

बंड्याचा बाबा (पुणे)

नमस्कार मंडळी. बंड्या आमचा लॅब्रडॉर, साडेनऊ वर्षांचा, वजन ३४ किलो. दुसरी चिमणी, देशी, दोन वर्षांची, दिवसभर घरभर धावत असते. हॉलमध्ये बिल्डरने दिलेल्या दोन बाय दोनच्या चकचकीत व्हिट्रिफाइड फरश्या आहेत. गेल्या हिवाळ्यापासून बंड्या उठायला लागला की मागचे पाय दोन्हीकडे फाकतात, नखं फरशीवर कर्रकर्र सरकतात, मग तो पुढच्या पायांनी स्वतःला ओढत भिंतीपाशी नेतो आणि भिंतीला कूस टेकवून उठतो. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एक काळपट तेलकट पट्टा उमटलाय, परवा रंगवाल्याने हा डाग कसला म्हणून विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा ह्याच्या रोजच्या उठण्याचा डाग आहे. खूप वाईट वाटलं.

एक्स-रे काढला, खुब्याचा सांधा आधीपासूनच नीट बसलेला नाही (हिप डिस्प्लेसिया) आणि आता त्यावर संधिवात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वजन चार किलो कमी करा म्हणाले आणि सगळ्यात आधी ती फरशी बदला म्हणाले.

आता माझं मत. लॅमिनेट नको, खरं लाकूड हवं. इंजिनिअर्ड ओक, १४ मिमीची फळी, वरचा ३ मिमीचा थर अस्सल लाकडाचा, खाली प्लाय, चकाकीवालं पॉलिश नाही, तेलाचं फिनिश आणि ब्रश फिरवून रेषा उठवलेला पृष्ठभाग. ओरखडे पडणार हे मान्य आहे, पडू देत. बायकोची तयारी आहे, पण दादा (माझे वडील) म्हणतायत की कुत्र्यासाठी कोणी लाकूड घालतं का. मला उलट वाटतं, नऊ वर्षं तो आमच्या सोयीच्या फरशीवर चाललाय, आता उरलेली वर्षं त्याच्या सोयीची जमीन त्याला मिळाली पाहिजे.

ठाणेकर_काका

नका घालू. स्पष्ट सांगतो कारण माझे पैसे गेलेत. आमच्या राणीसाठीच लॅमिनेट घातलं होतं, दोन वर्षं छान होतं, मग तिला किडनीचा त्रास सुरू झाला आणि रात्री नकळत शू व्हायला लागली. आम्हाला कळायचं सकाळी सहाला, तोवर चार-पाच तास ते पाणी सांध्यांत मुरलेलं असायचं. लॅमिनेटच्या पोटात एचडीएफ असतं, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, त्याच्या कडा भिजलेल्या मारी बिस्किटासारख्या फुगतात आणि एकदा फुगल्या की वाळल्यावरही खाली बसत नाहीत. वास वेगळाच. पावसाळ्यात घर बंद ठेवलं की दार उघडल्याबरोबर नाकात जायचा. शेवटी सगळं उपटून टाकलं.

तुमचा बंड्या साडेनऊचा आहे, ही वेळ तुमच्यावरही येणार. इंजिनिअर्ड झालं तरी सांधे आहेतच, तेलाच्या फिनिशमधून तर पाणी आणखी लवकर आत जाईल. ह्यापेक्षा मॅट, खरबरीत लादी लावा. लादीवर आर नंबर असतो बघा, आर ९ ते आर १३, जर्मन पद्धतीची चाचणी आहे, तेल ओतलेल्या उतारावर माणसाला चालवतात आणि उतार वाढवत नेतात, घसरेपर्यंत. घरात आर १० पुरे. पुसा, फिनाईल फिरवा, विषय संपला.

जर्सीची मावशी

काका, तुमच्या राणीचं वाईट वाटलं, पण लॅमिनेटला लाकूड म्हणून लाकडाला बदनाम करू नका हो. लॅमिनेट म्हणजे लाकडाचा फोटो.

आम्ही न्यू जर्सीत जुन्या घरात राहतो, खाली १९ मिमी जाडीचा भरीव रेड ओक आहे आणि त्यावर एकामागून एक दोन मोठे कुत्रे वाढलेत. चौदा वर्षांत एकदाच पूर्ण घासून नवीन फिनिश केलं. लाकडाचा कणखरपणा मोजायला इथे जांका नंबर बघतात, ११.२८ मिमीची पोलादी गोळी निम्मी आत दाबायला किती जोर लागतो तो आकडा. रेड ओक १२९०, हिकरी १८२०, आणि आपला लाडका साग साधारण १०७०, म्हणजे ओकपेक्षा मऊच. पण बाबा, नुसत्या नंबरवर जाऊ नका. कुत्र्याच्या नखाने बहुतेक वेळा लाकूड नाही, वरचं फिनिश खरवडलं जातं. चकचकीत पॉलीयुरेथेन पॉलिशवर प्रत्येक रेघ पांढरी दिसते, मॅटवर दिसतच नाही. तेलाचं फिनिश असेल तर तेवढाच भाग हलका घासून परत तेल लावता येतं, पूर्ण खोली रिकामी करावी लागत नाही.

शूबद्दल मात्र काकांचं खरं आहे, तेही सांगते. ओकमध्ये टॅनिन असतं, शू बराच वेळ राहिली की तिथे काळा डाग पडतो आणि तो घासूनही पूर्ण जात नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी आमच्याकडे असा बशीएवढा डाग होता. दोन फळ्या काढून नवीन बसवल्या. दोन फळ्या, सगळं घर नाही! ३ मिमीचा थर असेल तर तुम्हालाही एक-दोनदा घासता येईल, तेवढ्यात पंधरा-वीस वर्षं निघतात.

फळीवाला (कोल्हापूर)

मी हेच काम करतो, अकरा वर्षं झाली. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

बाबा, दुकानात गेलात की तुम्हाला एसी ४, एसी ५ सांगतील आणि कुत्री आहेत म्हटल्यावर एसी ५ च घ्या म्हणतील. एसी नंबर म्हणजे झीज, घसरण नव्हे. एसी ५ चं लॅमिनेट गुळगुळीत असेल तर बंड्या त्याच्यावर तसाच घसरणार. हे गिऱ्हाइकांना कोणी सांगतच नाही आणि मला त्याचा राग येतो, कारण लोक बिचारी कुत्र्याच्या काळजीने जास्त पैसे मोजतात.

माझं मत एसपीसी. चुनखडीची पूड आणि पीव्हीसी मिळून केलेली फळी, ४ ते ६ मिमी, पाण्यात बुडवून ठेवली तरी फुगत नाही. वरचा झिजेचा थर ०.५ मिमीचा मागा, ०.३ चा देतील, घेऊ नका. आणि हाताला लाकडाच्या शिरा लागतील असा एम्बॉस केलेला, मॅट. साधं गुळगुळीत एसपीसी ओलं झालं की त्यावर फरशीपेक्षाही जास्त घसरायला होतं. तुमच्या जुन्या फरश्या काढायची गरज नाही, फक्त दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून बघायचं, ३ मिमीच्या वर खड्डा असेल तर आधी लेव्हलिंग, नाहीतर फळ्या एकमेकींत अडकवणारं लॉक तुटतं. भिंतीच्या कडेला ८ मिमी जागा सोडायची, वर स्कर्टिंग येतं. दारांना खालून रंधा मारावा लागेल तेवढा हिशोबात धरा.

चिंगीची आई (रत्नागिरी)

मला हे सगळंच पटत नाही. एप्रिल-मेमध्ये तुमची कुत्री कुठे झोपतात सांगा बघू? आमची चिंगी अकरा वाजले की माजघरातल्या लाल कोब्यावर चारी पाय पसरून पोट टेकवून पडते, ती जागा ओली करून पुसली की आधी येऊन तिथेच पडते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकून आणि पोट गारव्याला लावूनच ते स्वतःला थंड करतं. लाकूड किंवा प्लास्टिक घालून तुम्ही त्याचा तो गारवाच काढून घेताय. लॅबची फर किती दाट असते!

आणि आमच्याकडे तर वाळवी. कोकणात जमिनीलगत लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण. आमचा आधीचा मोती म्हातारा झाला तेव्हा मी त्याच्या खाटेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून मागल्या दारापर्यंत रबराच्या तळाच्या पायपुसण्या जोडून वाट केली होती, दोन दिवसांत त्याला कळलं, मग तो त्या वाटेवरूनच जायचा, रस्त्यावरून चालल्यासारखा. धुवायला सोप्या, खराब झाली की एक बदलायची. लाखभर रुपये कशाला घालवायचे?

गुरांचा_डॉक्टर (नाशिक)

आता राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी पशुवैद्य आहे.

ताईंची पायपुसण्यांची वाट हा उपाय मी स्वतः लोकांना सांगतो आणि तो आजच, ह्या क्षणी करा, फ्लोरिंग ठरेपर्यंत महिना जाईल. पण तोच शेवटचा उपाय नाही. बंड्याला वाट मिळते, चिमणी घरभर धावते आणि तिच्यामागे हाही उठतो, तेव्हा तो वाट सोडूनच जाणार. एकदा पाय फाकून पडला की आधीच दुखऱ्या सांध्यावर आणि मांडीच्या स्नायूंवर ताण येतो, मग भीती बसते, भीतीने हालचाल कमी होते, स्नायू वाळतात आणि मग आणखी घसरतो. हे चक्र तोडायला अख्खी जमीनच पकड देणारी हवी.

काकांना एक सांगतो, खरबरीत लादीने पकड मिळेल, पण ती कठीणच राहते. जड कुत्री कठीण जमिनीवर पडून पडून कोपरावर घट्टे येतात, कधी पाण्याने भरलेली गाठ येते. आणि जो कुत्रा मागचा पाय ओढत चालतो त्याची बोटं खरबरीत लादीवर सोलवटतात. त्यामुळे आर नंबर वाढवत नेणं हे काही प्रत्येकाचं औषध नाही.

आणि सगळ्यांनीच एक गोष्ट सोडली. नखं! कुत्रा सरळ उभा असताना नखं जमिनीला लागता कामा नयेत. चालताना टकटक आवाज येतोय म्हणजे वाढलीत. नख लांब असलं की पंजाची गादी जमिनीवर नीट टेकत नाही आणि पकड तर गादीचीच असते. लॅबच्या बोटांच्या मध्ये केस वाढतात, तेही कापा, त्या केसांवरून तो बर्फावरून गेल्यासारखा सरकतो. हे केलं नाही तर कुठलंही लाकूड आणा, उपयोग नाही.

ठाणेकर_काका

डॉक्टरसाहेब, घट्ट्यांचं मान्य, पण त्यासाठी जाड गादी घालता येते की. शूचं काय? त्यावर कोणी उत्तर दिलेलं नाही. जर्सीत हीटर चालतो, हवा कोरडी. आमच्याकडे जुलैत कपाटातले कपडे दमट होतात.

जर्सीची मावशी

कोरड्या हवेचा त्रास वेगळा असतो काका, हिवाळ्यात फळ्या आकसतात आणि मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढ्या फटी पडतात, उन्हाळ्यात परत मिटतात. लाकूड हलतंच. म्हणून तर बाबांनी भरीव न घेता इंजिनिअर्ड म्हटलंय, खालच्या प्लायचे थर आडवे-उभे असल्यामुळे ते कमी हलतं. पुणं काही ठाणं नाही, कोकण तर नाहीच. आणि एसपीसीबद्दल माझी तक्रार आहेच, ते प्लास्टिक आहे, झिजलं की घासता येत नाही, उचलून कचऱ्यात.

फळीवाला (कोल्हापूर)

मावशी, कचऱ्याचं बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण म्हातारं कुत्रं आहे तोवरची दोन-चार वर्षं घरच्यांनी पोछा घेऊन पळत राहायचं का, हे पण बघा की.

बंड्याचा बाबा (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर लिहिलं नाही कारण प्रयोग करत होतो. दुकानातून तीन नमुने आणले, प्रत्येकी सहा फळ्या, फरशीवर दुहेरी टेपने चिकटवून बंड्याची रोजची उठायची जागा होती तिथे शेजारी शेजारी लावले. ब्रश केलेला ओक, एम्बॉस एसपीसी आणि गुळगुळीत लॅमिनेट. लॅमिनेटवर तो फरशीसारखाच घसरला, दोन दिवसांत काढून टाकलं. ओकवर पहिल्याच वेळी भिंतीला न टेकता उठला, माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. एसपीसीवर पण उठला, मग मी पाणी शिंपडून बघितलं, एकदा मागचा डावा पाय थोडा सरकला पण पडला नाही. मात्र दुपारी एकला दोन्ही सोडून बाल्कनीच्या दाराजवळच्या उघड्या फरशीवर जाऊन पडला, चिंगीच्या आई, तुमचं शंभर टक्के खरं निघालं.

डॉक्टर, नखं कापली. दोन दिवस नुसतं तेवढ्यानेच फरक दिसला, इतकी वर्षं लक्ष कसं गेलं नाही ह्याचं वाईट वाटतंय.

तर ठरलंय असं: हॉल, पॅसेज आणि तो रात्री झोपतो ती खोली एसपीसी, ०.५ चा थर, एम्बॉस मॅट. काकांची रात्रीच्या शूची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये, त्यामुळे तिथे लाकूड नाही. ओक फक्त पुढच्या खोलीत, जिथे दोघं दिवसा आमच्या डोळ्यांसमोर असतात. बाल्कनीसमोरची चार बाय सहाची जागा आहे तशीच फरशी ठेवतोय, तिच्यावर उन्हाळ्यात काही घालणार नाही. मावशी, तुम्हाला आवडणार नाही, पण लाकूड पूर्ण सोडलेलं नाही.

फळीवाले दादा, एकच शंका. उघडी फरशी जिथे संपते तिथे ६ मिमीची फळी आणि खाली फोम असं मिळून पायरीसारखी कड येईल, बंड्या मागचे पाय उचलत नाही, ओढतो. अडखळेल ना?

फळीवाला (कोल्हापूर)

अडखळेल. तिथे सरळ उभी पट्टी लावू नका, उताराची ॲल्युमिनियमची पट्टी मिळते, रिड्यूसर म्हणून मागा, रुंद असलेली, म्हणजे चढ कळणार नाही. तिच्यावर खाचा असलेली घ्या, गुळगुळीत नको. आणि एसपीसीखाली जाड फोम घालू नका, पातळच पॅड, नाहीतर ३४ किलोच्या वजनाने सांधे खालीवर होतात. बाल्कनीचं ऊन थेट येत असेल तर त्या बाजूला भिंतीकडची गॅप १० मिमी ठेवा, मिस्त्रीला समोर उभं राहून मोजायला लावा.